निघता निघता

एवढ्या वर्षांच्या अबोल्यानंतर धाकटे दीर आज घरी आले, आणि दोघे भाऊ तासभर बोलले कशावर, तर गल्लीतल्या गटारावर! स्वयंपाकघरात हेमलतावहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. माफी दोघांनाही मागायची होती, पण पहिला शब्द कोण काढणार?

चहा संपला. "बरंय, येतो," म्हणत दीर उठले. नवऱ्याचा चेहरा पडला. वहिनी मात्र गालात हसल्या. या घराण्यात बैठकीत बसून कधी कुणी मनातलं बोललंय? लग्नं ठरली ती दारात, भांडणं मिटली तीही दारात, एक पाय चपलेत घालून. आज दारात जरा जास्त वेळ मिळावा, म्हणून त्यांनी दिरांची एक चप्पल आधीच पदराखाली घेतली होती.

"अरे, दुसरी कुठे गेली?" दोघे भाऊ वाकून शोधू लागले. शोधता शोधता धाकटे पुटपुटले, "दादा, चुकलंच माझं."

"गप रे. माझंच डोकं फिरलं होतं." थोरल्यांनी बाहीला डोळे पुसले. "जेवूनच जा."

वहिनींनी हळूच चप्पल बाहेर काढली.

"राहू द्या, वहिनी," दीर हसले. "तुम्ही उचललीत तेव्हाच बघितलं होतं मी. आता सकाळीच द्या."