सोप्या शब्दांत सांग

"मॅडमनं काही विचारलं तर तू नुसती हासजो," शाळेच्या व्हरांड्यात धर्मेंद्र बायकोच्या कानाशी कुजबुजला. "तोंड उघडू नको वं, जया."

जयानं मान डोलावली. आता मुलाखतीला त्यांच्या पाच वर्षांच्या नूपुरचाच नंबर होता, आणि या शाळेत म्हणे मुलांबरोबर आईबापांनाही तपासून घेत. नंदनवन वस्तीतल्या बाकी शाळांचे प्रवेश संपले होते. इथं नाही जमलं तर पोरीचं वर्ष जाणार, आणि खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे जयाला कुणी सांगायला नको होतं.

जया कळमन्याच्या बाजारातल्या संत्र्याच्या अडत्याची मुलगी. लग्नाआधी बापाशेजारी उभी राहून लिलावात खणखणीत बोली पुकारायची. पण प्रवेशाचं निघालं आणि धर्मेंद्रनं घरात मराठीच बंद केली. जयाला इंग्रजी बोलता येत नव्हतं; आता मायलेकींनी बोलायचं तरी काय? नूपुर बापामागे इंग्रजी शब्दांचे अर्थ घोकायची, जया पोळ्या लाटत मुकाट ऐकायची. स्वतःच्या लेकीला हाक मारायचीही तिला धास्ती वाटू लागली होती.

आत गेल्या गेल्या मॅडमनी नूपुरलाच विचारायला सुरुवात केली. फार्मर म्हणजे कोण? शेतात धान्य पिकवतो तो. डॉक्टर? नेबर? नूपुर इंग्रजीत धडाधड सांगत सुटली. जयाचा जीव जरा भांड्यात पडला.

"आणि स्केअर्ड?" मॅडमनी विचारलं.

 नूपुरकडून हा शब्द घोकून घ्यायचा राहूनच गेला होता. धर्मेंद्र रुमालानं मान पुसू लागला. लेकीचा पडलेला चेहरा जयाला बघवेना. टीव्हीवर ऐकून ऐकून तिला या शब्दाचा अर्थ ठाऊक होता. राहवेना म्हणून तिनं तोंड उघडलं, तोच धर्मेंद्रनं तिचं मनगट घट्ट दाबलं. झालं, आपणच घात केला, असं वाटून जयानं मान खाली घातली.

"मराठीत सांगितलं तरी चालेल बेटा," मॅडम म्हणाल्या. "अगदी सोप्या शब्दांत सांग. स्केअर्ड म्हणजे घाबरलेलं. घाबरणं म्हणजे कसं?"

नूपुरनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे. तिचा चेहरा एकदम खुलला.

"मम्मी बोलाले लागली का पप्पाले जसं होते ना, तसं!"