अर्धा सूर्य

१९७१ साली इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या स्कारबरोच्या हॉस्पिटलात दोघी नर्स, खोलीही एकच. लिगाया फिलिपिन्सची, बेला रेवदंड्याची ज्यू. लिगायाने ब्लॅकपूलच्या हॉस्पिटलातली बढती दुसऱ्यांदा नाकारली, तेव्हा बेलाला राहवेना. "इथे असं काय पुरून ठेवलंयस गं?" लिगायाने पाठकोऱ्या टेम्परेचर चार्टवर आपलं गाव काढलं: चर्च, धक्का, माड, ओढून ठेवलेल्या होड्या आणि समोर समुद्र. थेट रेवदंडाच की! बेलाने लाल पेन्सिल घेऊन पाण्यावर अर्धा सूर्य काढला. "शुक्रवारी हा पाण्याला टेकला, की आई शब्बाथचा दिवा लावते." लिगाया हसली. "आमच्याकडे हा समुद्रातून उगवतो, इथल्यासारखाच. म्हणून तर मी हलत नाही." चार वर्षं हा समुद्र उलटा का वाटतोय, ते बेलाला आत्ता उमगलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागेसाठी मेट्रनला गाठून, पगाराचं नावही न काढता तिने विचारलं, "ब्लॅकपूलला सूर्य समुद्रात मावळतो ना?"