विचारलं तर पाहिजे

"नकार लिही," शिंपीकाका म्हणाले. "सगळ्याला. डोळे, काळीज, काही म्हणजे काही नको."

खिडकीमागच्या कारकूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. नवा कायदा आल्यापासून मरणानंतर प्रत्येकाचे अवयव आपोआप दान होणार होते. ज्याला नको असेल, त्याने स्वतः येऊन नकार नोंदवायचा. त्याला कारण मात्र विचारायचं नाही, अशी बाईंना वरून सक्त ताकीद होती.

पण शिंपीकाका! बाईंच्या शाळेच्या गणवेशापासून लेकीच्या फ्रॉकपर्यंत सगळं त्यांच्याच हातचं. गल्लीत कुणाची अडीनडी असो, हा माणूस सगळ्यांच्या आधी दारात हजर.

बाईंनी नाव टाइप केलं, जन्मतारीख टाइप केली. प्रश्न अगदी ओठांवर आला होता. शेवटचं बटण काही दाबवेना.

"काका, मला विचारायची परवानगी नाही. पण..."

"मग मीच सांगतो." काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुझी काकू गेली तेव्हा हा कायदा नव्हता. डॉक्टरीणबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, यांचे डोळे, मूत्रपिंडं द्याल का? मी दुपारभर त्यांचं डोकं खाल्लं. तिला दुखेल का, हेसुद्धा विचारलं. मग हो म्हणालो. त्या एका 'हो'वर इतके दिवस काढलेत मी. आता म्हणे, गप्प बसलात की तुमचं हो. गप्प बसणं म्हणजे देणं झालं का गं?"

बाईंनी बटण दाबलं.

"झाला नकार, काका."

काका जागचे हलले नाहीत.

"अजून काही राहिलं का?" बाईंनी विचारलं.

"आता मी तुमच्या आपोआपमध्ये नाही ना?"

"नाही."

"मग आता विचारता येईल की मला."

बाईंनी मागे साहेबांच्या केबिनकडे एक नजर टाकली. मग खिडकीशी वाकून, हळू आवाजात, जरा चाचरतच म्हणाल्या, "काका, तुमच्या माघारी तुमचे अवयव द्याल का?"

काकांनी भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि त्यावर ऐसपैस बसले.

"बघू," ते म्हणाले. "आधी मला सांग, मोतीबिंदू काढलेले डोळे चालतात का?"