माशावर तगलेलं सरकार

अविश्वास ठरावाच्या सकाळी मी केळीच्या पानात भाजलेला मासा घेऊन थेट संसदेत शिरले. पंतप्रधान माझे यजमान, विरोधी पक्षनेता माझी धाकटी नणंद. प्रशांत महासागरातल्या आमच्या चिमुकल्या बेटावर ज्याच्या घरचं खाल्लं, त्याच्याविरुद्ध त्या दिवशी कुणी मत देत नसे.

“वहिनी, ते पान उघडू नका हं!” नणंद ओरडली.

मी उघडलं. वासानं तिचे सगळे खासदार उठून आले. ठराव बारगळला.

पुढे ती ठराव आणायची, मी मासा. सरकारनं मुदत पूर्ण केली.

मतदानाच्या सकाळी नणंदेनं अख्ख्या बेटाला जेवायला बोलावलं. यजमान रागावून घरीच बसले. मी म्हटलं, नुसतं बघून येते.

“वहिनी, एक तुकडा?”

मासा माझ्या हातच्याहून सुरेख झाला होता. मत तिलाच द्यावं लागलं.