फरक स्पष्ट करा

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, तसा मास्तरीणबाईंनी पदर मुठीत आवळला.

त्या मास्तरीण कधीच नव्हत्या. नवरा शाळेत जीवशास्त्र शिकवायचा, म्हणून लोकांनी चिकटवलेलं नाव. या महिन्यात मात्र त्यांनी ते खरं करून दाखवलं होतं. शेजारणीच्या नवऱ्याला याच डॉक्टरांनी काय काय विचारलं, ते त्यांनी खोदून खोदून काढून घेतलं आणि रोज दुपारी मास्तरांना समोर बसवून घोकून घेतलं. आज वार कोणता, आपण राहतो कुठे, हरळीचं गवत आणि पोपट यांत साम्य काय. मास्तरांच्या हातून गॅस दोनदा उघडा राहिल्यापासून मुलाने स्पष्टच सांगितलं होतं, डॉक्टर 'घरी नको' म्हणाले तर बाबांना घरी ठेवायचं नाही. वृद्धाश्रमही बघून ठेवला होता त्याने. बाईंना नुसत्या त्या शब्दाने जेवण जात नव्हतं.

वार बरोबर आला. पत्ताही आला, तोही पिनकोडसकट. बाईंनी पदर सैल सोडला.

"बरं सर," डॉक्टर म्हणाले, "हरळी आणि पोपट. दोघांत फरक काय?"

फरक? घोकून घेतलं होतं साम्य. दोन्ही सजीव, दोन्ही हिरवे. आता हे पोपटासारखं तेच म्हणणार आणि आपलाच पोपट होणार. त्या काही सुचवायला पुढे सरकल्या, पण डॉक्टरांनी न बघताच हात वर केला.

मास्तर अंगठा बोटांवर घासत राहिले, खडूची पूड झटकावी तसा. मग ताठ बसले.

"हरळी कितीही उपटा, मुळी मातीत राहतेच. तिथेच पुन्हा फुटते. पोपटाचं तसं नाही. दार उघडं दिसलं की तो गेला." वर त्यांनी पुस्ती जोडली, "मुख्य फरक हा. चोच, पिसं वगैरे लिहिलं तर अर्धा मार्क."

डॉक्टर मोठ्याने हसले. बाईही हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. शिकवलेलं वाया गेलं, पण माणूस हाती लागला होता.

"तयारी उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "कोणी करून घेतली, सर?"

"या बाईंनी." मास्तरांनी त्यांच्याकडे बोट केलं. "शिकवतात छान, पण फार कडक आहेत." मग खुर्चीतून उठत, आवाज जरा खाली आणून म्हणाले, "संपली ना परीक्षा? मग सोडा मला लवकर. घरी बायको काळजी करत बसली असेल."