पाचव्या तासाची कवायत

पाचव्या तासाला उज्ज्वलाबाईंनी गणिताचं पुस्तक मिटलं आणि सातवीच्या वर्गाला उभं केलं. डबा खाल्ल्यावर पोरं नुसती पेंगायची, डोक्यात काही शिरायचं नाही. बाई शिक्षकांच्या शिबिरातून शिकून आल्या होत्या, की डोकं शिणलं तर अंग हलवायचं. 'सत्रा दुणे' म्हणताना वाकून पायाचे अंगठे धरायचे, 'चौतीस'ला उडी. पंधरा दिवसांत वर्ग तरतरीत झाला होता. पण गणिताच्या तासाला कवायत कशाला, असं मुख्याध्यापक थेटे सरांचं म्हणणं. आज ते स्वतः दारात उभे होते. मला पटलं तर चालू ठेवा, नाहीतर आजपासूनच बंद, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

तिसऱ्या बाकावरची भाग्यश्री उठलीच नाही.

बाईंनी दोनदा नाव घेतलं. मागून समाधान म्हणाला, महाराणींना पालखी पाठवा. वर्ग खिदळला. सरांनी घड्याळात पाहिलं.

बाई तरातरा बाकाशी गेल्या आणि पोरीला उठवायला तिचा दंड धरला. तिच्या नखांत झेंडूचा हिरवा-काळा रस सुकलेला.

"बाई, उद्या दसरा हाय ना," ती खाली बघत म्हणाली. "पहाटंपासून फुलं तोडली. आख्खं वावर वाकूनच काढलं. आता नका ना वाकायला लावू."

बाईंना स्वतःची लेक आठवली. याच वयाची. सकाळी सातला दोन हाका माराव्या लागतात, तेव्हा कुठे पांघरूण बाजूला होतं. शिबिरात दोन वह्या भरून टिपणं काढली होती त्यांनी. अशा पोरीचं काय करायचं, ते त्यात कुठेच नव्हतं.

"काय म्हणतेय ती?" सरांनी दारातून विचारलं.

बाईंनी तिचा दंड सोडला. तिचं दप्तर उचलून बाकावर आडवं ठेवलं, तिचं डोकं हलकेच त्यावर टेकवलं.

"तिची कवायत झालीय, सर. घरूनच करून आलीय."

सरांनी त्या बाकाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बाकीच्यांची होऊ द्या."

पाढा सुरू झाला. बाईंनी सांगितलं नव्हतं, तरी पोरं तो कुजबुजत म्हणू लागली. 'चौतीस'ला सगळा वर्ग उडाला आणि पाऊल न वाजवता, चवड्यांवर खाली आला.