मनातल्या मनात

“देवा, तुझे उपकार कसे फेडू!” खोलीत कुणीतरी खच्चून ओरडलं. म्हाताऱ्याने दचकून डोळे उघडले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. समोर भिंत, खाली चटई, आणि चटईवर हात जोडून बसलेला तो स्वतः.

थोरल्याने काल संध्याकाळीच त्याच्या कानांना मशीन आणून दिलं होतं. म्हाताऱ्याचा उभा जन्म कारखान्यात पत्र्याची पिंपं ठोकण्यात गेला. त्यात कान कधी गेले ते त्यालाही कळलं नाही. मशीन लावून तो आज पहिल्यांदाच प्रार्थनेला बसला होता. त्याने आवाज खाली आणला, अगदी पुटपुटल्यासारखा. तरी खिडकीची काच थरथरली. पलीकडच्या घरातल्या शिंप्याने उठून सवयीने आपली खिडकी ओढून घेतली.

सवयीने!

सात लेकरं त्याने वाढवली ती हातातल्या हातोड्यावर आणि या प्रार्थनेवर. कामावर जाण्याआधी तो रोज भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि मनातल्या मनात देवाला गाऱ्हाणं घालायचा. निदान त्याला तरी ते मनातल्या मनात वाटायचं. आणि देव तरी किती कनवाळू! शब्द तोंडातून पडायचा अवकाश. शिंपी वर्षभर शिडी परत करत नाही, हे त्याने एकदा देवाच्या कानावर घातलं, तर दुसऱ्या दिवशी शिडी दारात. “माझी हाक वर बरोबर पोचते,” असं तो कारखान्यात छाती काढून सांगायचा. सोबतचे एकमेकांकडे बघून हसायचे. का हसायचे ते आज कळलं.

शिडीचं एक वेळ हसण्यावारी नेता आलं असतं. पण ‘देवा, एका माणसाच्या कमाईत सात तोंडं भरत नाहीत, थोरल्याला काही अक्कल दे,’ असंही तो एका पहाटे म्हणाला होता. त्याच आठवड्यात थोरल्याने शाळा सोडली. वर्गात पहिला येणारा पोरगा म्हणाला, अभ्यासात मन लागत नाही. मग ‘मधलीच्या डोक्यातून तो मोटरसायकलवाला काढ’ म्हणून देवाला साकडं घातलं, तर महिन्याभरात मधलीने आपण होऊन त्या मुलाचा नाद सोडला. तिचे डोळे सुजलेले होते. म्हाताऱ्याने ते पाहिलं होतं, आणि देवाचे आभार मानले होते.

आणि आता हे शेंडेफळ. बायको जाऊन दोन वर्षं झाली, सहा पोरं आपापल्या संसाराला लागली, घरात राहिली ही एकटी. तिला दूरच्या शहरात, मोठ्या इस्पितळात नोकरी मिळत होती. त्यासाठी तिने रक्ताचं पाणी केलं होतं. आणि हा गेला आठवडाभर पहाटे उठून रडत होता, “देवा, हिला नेऊ नकोस. रिकाम्या घरात मी मरून जाईन.” काल रात्री जेवताना ती खाली मान घालून म्हणाली, “बाबा, मी नाही जात. उद्या तसं कळवून टाकते.” त्याबद्दलच देवाचे उपकार मानायला तो आज बसला होता.

ती दारात येऊन उभी राहिली. हातात ओली भांडी.

“मी रोज असाच बोलतो?” त्याने विचारलं.

“रोज.”

“मग मेल्यांनो, एकानेही सांगू नये?”

“आई सांगू द्यायची नाही. आम्हाला हलवून उठवायची. म्हणायची, उठा रे, बाबांना काय हवंय ते ऐका. एरवी ते तोंडाने काही मागत नाहीत.”

ती आत गेली. म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवाने दिलं म्हणून ज्याची इतकी वर्षं शेखी मिरवली, ते सगळं त्याने पोरांच्याच ताटातून उचललं होतं. आणि वर त्यांच्यासमोरच ढेकर दिला होता.

हे निस्तरायला हवं होतं. त्याला रीत एकच ठाऊक होती. तो पुन्हा भिंतीकडे वळला, हात जोडले, आणि आतल्या खोलीत नीट पोचेल अशा बेताने म्हणाला, “देवा, हिला जाऊ दे. माझं मी बघून घेईन.”

आत भांड्यांचा आवाज थांबला. म्हाताऱ्याला जरा हलकं वाटलं. देवाने, म्हणजे पोरीने, ऐकलं होतं.

ती हात पुसत बाहेर आली आणि त्याच्या नि भिंतीच्या मधे बसली. तिचे डोळे भरले होते.

“बाबा,” ती म्हणाली, “आता देवाला मधे घालू नका. माझ्याकडे बघून सांगा.”